दमलेला वेळ



आजचा विषय मीच मागून घेतला. जालना जिल्ह्यातल्या आपल्या मंडळ्यांमधली मुलेमुली आता एम.ए., एम.एस्सी. करून थांबत नाहीत, पीएच.डी.ची पायरी चढू लागली आहेत. त्यांच्याशी बोलताना एकच तक्रार मला वेगवेगळ्या तोंडांनी ऐकू येते. देवाविषयी त्यांचे काही गाऱ्हाणे नसते. गाऱ्हाणे असते ते स्वतःविषयी. प्रार्थना होत नाही, शास्त्र वाचले जात नाही, उपासनेत डोळे मिटतात. आपण चांगले ख्रिस्ती उरलो नाही, असे त्यांना वाटते. मला ते खरे वाटत नाही. का वाटत नाही, तेवढेच आज सांगायचे आहे.

अंबड तालुक्यातल्या एका गावची मुलगी आहे. वनस्पतिशास्त्रात संशोधन करते, जालन्यातल्याच एका महाविद्यालयात. विषय आपल्या मातीतला आहे, मोसंबीवरचा डिंक्या. बुंध्याशी साल तडकते, डिंक ओघळतो, पाने पिवळी पडतात आणि काही वर्षांत झाड बसते. रोगाचे मूळ फायटोफ्थोरा नावाचा एक सूक्ष्मजीव. दिसायला बुरशीसारखा, पाणी धरून ठेवणाऱ्या जमिनीत फोफावणारा. ही मुलगी तो पेट्री डिशमध्ये वाढवते आणि दर चोवीस तासांनी त्या पांढुरक्या वर्तुळाचा व्यास मोजते, एकदा उभा आणि एकदा आडवा. मोजणी चुकली की त्या संचाचे आकडे वाया जातात. रविवार आहे म्हणून फायटोफ्थोरा वाढायचा थांबत नाही.

म्हणून रविवारी सकाळी सातला ती प्रयोगशाळेत असते. वीज गेली असेल तर आधी इन्क्युबेटरचे तापमान बघायचे, मग डिश एकेक करून काढायच्या, पट्टी धरायची, वहीत लिहायचे. तिथून नऊपर्यंत संडे स्कूल, कारण लहान मुलांचा वर्ग तिच्याकडे आहे. मग उपासना. सोमवार ते शनिवार ती तासिका तत्त्वावर शिकवते. त्या मानधनाची वाट किती बघावी लागते ते इथल्या प्राध्यापकांना मी सांगायला नको. रात्री घरी भाऊबहिणींचा अभ्यास, आईबरोबर भाकरी, आणि सगळे झोपल्यावर आपला प्रबंध. ती मला म्हणाली, ‘सर, देवाला मी दमलेलाच वेळ देते.’

हे वाक्य माझ्या मनातून जात नाही. त्याला उत्तर द्यायचे तर आधी थोडे मागे जावे लागेल, कारण जालन्याच्या मंडळीचा आणि विद्यार्थिदशेचा संबंध फार जुना आहे.

नारायण शेषाद्री हे नाव तुम्हाला ठाऊक आहे. मुंबईच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेला आणि पुढे तिथेच शिकवू लागलेला हा ब्राह्मण तरुण. सप्टेंबर १८४३ मध्ये रॉबर्ट नेस्बिट यांच्या हातून त्याचा बाप्तिस्मा झाला. मुंबईत केवढा गहजब झाला, ते आज कल्पनेत आणणेही अवघड आहे. धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडे राहत होता. वडील न्यायालयात गेले आणि न्यायालयाने मुलगा वडिलांच्या स्वाधीन केला. पुढे श्रीपतला जातीत परत घ्यायचे की नाही यावरून शास्त्रीमंडळींत रणे माजली. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकरांनी त्याच्या शुद्धीची बाजू घेतली आणि स्वजनांचा रोष ओढवून घेतला. या साऱ्या गदारोळात मला दोन्ही बाजूंची माणसे दिसतात. ज्याला पटले ते सोडवेना असा एक तरुण शिक्षक, आणि ज्याचा एक मुलगा गेला व दुसराही जाईल या धास्तीने रात्रभर जागणारा बाप. श्रद्धेचा इतिहास सांगताना आपण पहिल्याची आठवण ठेवतो, दुसऱ्याला विसरतो. घरच्यांशी अबोला धरून ‘मी प्रभूसाठी सोसतो’ म्हणणारी तरुण मुले भेटतात, तेव्हा मी त्यांना त्या बापाची आठवण करून देतो.

हा विद्वान माणूस मुंबईत राहून प्रतिष्ठेने शिकवत बसला असता. तो निजामाच्या राज्यात जालन्याला आला, आणि ज्यांच्या सावलीचा विटाळ त्याच्या घरात धरला जात होता त्या मांग आणि महार वस्त्यांमध्ये त्याचे आयुष्य गेले. हैदराबादचे दिवाण पहिले सालारजंग यांच्याकडून जमीन मिळाली, तिच्यावर बेथेल वसले. वस्ती, शेती, उपासना आणि शाळा. १८७३ मध्ये न्यूयॉर्कला इव्हँजेलिकल अलायन्सच्या परिषदेत जगभरच्या लोकांसमोर नारायण शेषाद्री बोलले, आणि परत आले ते याच कामावर. १८९१ मध्ये त्यांचे निधन झाले.

शाळा सर्वांत शेवटी म्हटली, पण माझ्या दृष्टीने ती पहिली आहे. ज्यांच्या हाती पिढ्यान्‌पिढ्या अक्षर पडू दिले नव्हते, ती माणसे इथे एका पुस्तकासाठी वाचायला शिकली. शास्त्र वाचता यावे म्हणून बाराखडी, आणि बाराखडी आली म्हणून मग हिशेब, पत्र, सरकारी कागद, कोर्टाचे समन्स. आपल्या आज्यापणज्यांना वाचणे आणि भक्ती करणे ही दोन कामे वेगळी वाटलीच नसतील. ज्या घरात पहिल्यांदा कुणी पान उलटून वाचले, त्या घरात तोच देवाचा स्पर्श होता. त्यांची पणती आज प्रबंध लिहिताना ‘माझा अभ्यास माझ्या भक्तीच्या आड येतो’ म्हणते, तेव्हा मला वाटते की मध्ये कुठेतरी आपण, म्हणजे मंडळीच्या वडीलधाऱ्यांनी, तिला चुकीचे शिकवले. उपासनेत घातलेले तास तेवढे देवाचे आणि बाकीचे जगाचे, ही वाटणी आपली. बेथेलची नव्हे.

सिमोन वेल नावाची एक फ्रेंच शिक्षिका होती. ज्यू घरात जन्मलेली, ख्रिस्ताकडे ओढली गेलेली, चौतिसाव्या वर्षी १९४३ मध्ये वारलेली. त्याच्या आदल्या वर्षी तिने विद्यार्थ्यांसाठी एक छोटा निबंध लिहिला. त्याचा आशय मी माझ्या शब्दांत सांगतो. प्रार्थना म्हणजे देवाकडे पूर्ण लक्ष लावणे, आणि लक्ष लावण्याची ताकद सरावाने येते. भूमितीचे उदाहरण सोडवताना, लॅटिनचा उतारा लावताना मन जेव्हा प्रामाणिकपणे एका जागी थांबते, तेव्हा ती ताकद वाढते. उदाहरण सुटले नाही तरी वाढते. तेव्हा मन लावून केलेला अभ्यास वाया जात नाही, तो प्रार्थनेच्या खाती जमा होतो.

पट्टीने व्यास मोजणाऱ्या त्या मुलीला मी हे सांगितले. तिने मला उलट एक गोष्ट सांगितली. एका संचातल्या दोन डिशमध्ये कडेला हिरवट ठिपके दिसले. दुसरीच बुरशी शिरली होती. ठिपके कडेला होते, मधले वर्तुळ स्वच्छ होते. आकडा लिहून टाकला असता तर कुणाला कळले नसते, आणि मार्गदर्शकांना प्रगती अहवाल द्यायची तारीख तोंडावर आली होती. तिने त्या डिशसमोर ‘बाद’ लिहिले आणि सगळा संच नव्याने लावला. ‘त्या दिवशी मी प्रार्थना केली नव्हती,’ ती म्हणाली. मी म्हणालो, ‘केलीस.’ मला त्यावर याहून अधिक काही सुचले नाही आणि आजही सुचत नाही. संशोधनात आकडे जुळवून घेणे, दुसऱ्याचा मजकूर उचलणे, पैसे मोजून प्रबंध लिहून घेणे हे आज किती सोपे झाले आहे ते आपण सगळे जाणतो. अशा दिवसांत एक तरुण मुलगी एकटी असताना, कुणी बघत नसताना, खरे तेच वहीत लिहिते. श्रद्धेचा पुरावा आणखी कुठे शोधायचा?

आता जरा अवघड गोष्टीकडे येतो. ती टाळून या विषयावर बोलणे खोटेपणाचे होईल.

आपल्या जिल्ह्यातल्या ख्रिस्ती विद्यार्थ्याची श्रद्धा रोज जिथे कसाला लागते ती जागा म्हणजे अर्जावरचा धर्माचा रकाना. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना तो मिळाला. ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेरच राहिले. महाराष्ट्रात अनुसूचित जातींतून ख्रिस्ती झालेल्यांना इतर मागास वर्गात धरतात, पण दोन्हींतले अंतर काय असते ते प्रवेशाच्या यादीत आणि शिष्यवृत्तीच्या रकमेत दिसते. रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ मध्ये हा दर्जा धर्माशी जोडू नये अशी शिफारस केली. २०२२ मध्ये न्या. बालकृष्णन यांचा आयोग नेमला गेला. त्याच वर्षी अल्पसंख्याक संशोधकांसाठीची मौलाना आझाद फेलोशिप केंद्राने बंद केली. तीवर ज्यांनी पाच वर्षांचा हिशेब मांडला असता अशा मुलामुलींची एक वाट मिटली.

या सगळ्याचा घरात अर्थ काय होतो? कित्येक घरांत शाळा सोडल्याच्या दाखल्यावर एक नोंद आहे आणि संध्याकाळी कौटुंबिक प्रार्थनेला दुसरे नाव घेतले जाते. गावात पाटावरच्या विहिरीपासून लग्नाच्या पंगतीपर्यंत जात बाप्तिस्म्याने सुटली नाही. सरकारी कागदावर मात्र ती बाप्तिस्म्याबरोबर पुसली जाते. तरुण संशोधक अर्ज भरताना त्या रकान्यापाशी थांबतो. खरे लिहिले तर धाकट्या बहिणीची फी कुठून भरायची? नाही लिहिले तर रविवारी प्रभुभोजनाला हात कसा पुढे करायचा?

या मुलांना व्यासपीठावरून ‘तुम्ही ख्रिस्ताला लपवता’ असे सुनावणारे उपदेश मी ऐकले आहेत. ते ऐकताना मला राग येतो. सुनावणाऱ्याने त्या मुलाची फी भरलेली नसते. गरिबाला कागदावर धर्म लपवायला लावणारी व्यवस्था अन्याय्य आहे. तो अन्याय उचलायचे बळ नसलेल्या वीस-बावीस वर्षांच्या पोराच्या खांद्यावर दोषही ठेवणे हा दुसरा अन्याय. ज्यांना उघड लिहिणे जमले त्यांचा मला आदर आहे. ज्यांना जमले नाही त्यांच्या विश्वासाचे वजन माणसांनी करू नये. मंडळीने करायचे असेल तर एक करावे. या प्रश्नावर बोलणाऱ्या संघटनांना कागद, आकडे आणि माणसे द्यावीत, आणि आपल्यातल्या कमावत्यांनी दर वर्षी दोन-चार विद्यार्थ्यांच्या फीचा भार उघडपणे घ्यावा. मग व्यासपीठावरून हवे ते बोलावे.

रविवारच्या परीक्षेचा प्रश्न त्यामानाने सोपा आहे, तरी तोही सतत विचारला जातो. सेट रविवारी असते, एमपीएससीच्या बहुतेक परीक्षा रविवारी असतात. जुनी माणसे एरिक लिडेलचे उदाहरण देतात. एडिंबरोचा हा विज्ञानाचा विद्यार्थी १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये शंभर मीटरला उतरला नाही, कारण प्राथमिक फेरी रविवारी होती. मग चारशे मीटर धावला, ४७.६ सेकंदांत सुवर्णपदक जिंकला आणि त्याच महिन्यात बी.एस्सी.ची पदवी घेतली. उदाहरण थोर आहे आणि तरुणांपुढे ते जरूर ठेवावे. पण लिडेलपाशी चारशे मीटरची दुसरी शर्यत होती. परतूर किंवा मंठ्याहून पहाटेची एसटी पकडून संभाजीनगरच्या केंद्रावर जाणाऱ्या मुलीपाशी त्या दिवसाखेरीज दुसरा दिवस नाही. तिचे वर्ष जाते, आणि वर्षाबरोबर कधी कधी घरच्यांचा धीरही जातो. मग स्थळे येऊ लागतात. शब्बाथाच्या दिवशी शेतातून जाताना शिष्यांनी भुकेपोटी कणसे मोडली, तेव्हा येशू त्यांच्या बाजूने उभा राहिला होता. मी त्या मुलीला सांगतो, परीक्षेला जा, आणि जाताना एसटीत प्रार्थना कर. मंडळी इकडे तुझे नाव घेऊन प्रार्थना करील. मात्र ही दुसरी गोष्ट मंडळीने खरोखर करायला हवी. किती ठिकाणी होते?

प्रश्न विचारण्याविषयीही बोलले पाहिजे. संशोधन शिकणाऱ्या मुलाला आठवडाभर सांगितले जाते, पुराव्यावाचून काही मानू नकोस. रविवारी त्याने तेच विचारले की आपण दचकतो. हा मुलगा हातचा जाणार, असे वाटते. पंडिता रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या त्या वैद्यकशास्त्र शिकायला. कानाने कमी ऐकू येत असल्यामुळे ते राहून गेले. त्या वर्षी २९ सप्टेंबरला वाँटेजला त्यांचा आणि लहानग्या मनोरमेचा बाप्तिस्मा झाला. पुढे १८८४ ते १८८६ चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात त्या शिकतही होत्या आणि शिकवतही होत्या. पदरात मूल, परका देश, स्वतःचा अभ्यास, वर दुसऱ्यांचे वर्ग. आजच्या संशोधक विद्यार्थिनीने त्यांना आपली थोरली बहीण म्हणावे इतके त्यांचे दिवस ओळखीचे आहेत.

त्या काळातली वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डीन आणि चेल्टनहॅमच्या प्राचार्या डोरोथिया बील यांच्याबरोबरची त्यांची पत्रे १९७७ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. ती जरूर वाचा. त्र्यैक्याविषयी, कुमारीजन्माविषयी, चर्चच्या अधिकाराविषयी या बाईने एकेक प्रश्न इतका निर्भयपणे विचारला आहे की आजही वाचताना आपण सावरून बसतो. रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये, असे बिशपांचे मत पडले तेव्हा त्यांनी ते निमूट मानले नाही. माझी सदसद्विवेकबुद्धी मी दुसऱ्याच्या हाती देणार नाही, असा त्यांचा सूर होता. जेराल्डीनबाईंना याचे दुःख होई, त्या रागावत. बीलबाई प्रश्न ऐकून घेत आणि वाचायला पुस्तके सुचवत. रमाबाई विश्वासातून गेल्या नाहीत. केडगावला त्यांनी मुक्ती मिशन उभे केले, हिब्रू आणि ग्रीक शिकून सगळे बायबल मराठीत आणले, आणि ते काम हातावेगळे करून १९२२ मध्ये देह ठेवला. प्रश्न विचारणाऱ्या विद्यार्थ्याशी कसे वागावे हे आपल्या पाळकांना शिकायचे असेल तर त्या पत्रांत जेराल्डीनपेक्षा बीलबाईंकडे बघावे, एवढे मी नक्की म्हणेन.

विद्यार्थ्यांना मला एक सांगायचे आहे, आणि ते थोडे कडक आहे. अभ्यासच भक्ती आहे असे मी म्हटले म्हणून मंडळीशी नाते तोडायला मोकळीक मिळाली असे समजू नका. एकट्याने लक्ष लावणे ही अर्धीच गोष्ट आहे. ज्याला तुमच्या प्रबंधाचे नावही वाचता येणार नाही अशा माणसाच्या शेजारी आठवड्यातून एकदा बसा. त्याच्या गुडघेदुखीची आणि ऊसतोडीला गेलेल्या लेकाची विचारपूस करा, त्याने तुमच्यासाठी केलेली प्रार्थना ऐका. हे विद्यापीठात मिळत नाही. एकच काम धरा, लहान असेना का, पण ठरलेले. संडे स्कूलचा एक वर्ग, मिशन हॉस्पिटलमधल्या रुग्णांची एक भेट, म्हाताऱ्या आजीला शास्त्र वाचून दाखवणे. सगळी कामे अंगावर घेऊ नका. तरुण संघाचे सचिवपद, नाताळचे नाटक, गायनमंडळ, उत्तम शुक्रवारच्या सात उद्गारांतला एक, असे सगळे एकाच शिकलेल्या मुलावर टाकण्याची आपल्याकडे रीतच आहे. तिला नम्रपणे नाही म्हणायला शिका. हे मी वडीलधाऱ्यांसमोर मुद्दाम म्हणतो आहे.

आणि दमलेल्या वेळेचे काय? स्तोत्रकर्ते रात्री अंथरुणात रडत होते, शिष्य गेथशेमानेत झोपी गेले होते. येशूने त्यांना जागे केले, आणि दुर्बलता ओळखून त्यांना समजूनही घेतले. रात्री अकराला वही मिटताना, डोळे मिटत असताना, ज्या दोन ओळी पुटपुटल्या जातात त्या देवापर्यंत कमी पोचतात असे शास्त्रात कुठे लिहिलेले मला तरी आढळले नाही. दिवसभर उन्हात रोजंदारी करून आलेल्या आपल्या आयाबायांनी आयुष्यभर दमलेलाच वेळ दिला. त्यांच्याकडे दुसरा नव्हता. त्यांच्या भक्तीविषयी आपल्यापैकी कुणी कधी शंका घेतली नाही.

शेवटी मंडळीच्या कमिट्यांना एक विनंती आहे, आणि तिच्यासाठीच मी आज आलो असे म्हटले तरी चालेल. आपल्या बहुतेक उपासनामंदिरांना लागून एक सभागृह असते. लग्नाचे जेवण आणि नाताळची तालीम सोडली तर ते वर्षभर कुलूपबंद असते. इकडे दोन खोल्यांच्या घरात सहा माणसे, टीव्ही, पाव्हणेरावळे, आणि कोपऱ्यात गुडघ्यावर वही धरून बसलेला एम.एस्सी.चा मुलगा. त्या सभागृहात चार टेबले, चांगले दिवे, एक इन्व्हर्टर, इंटरनेटची जोडणी आणि पिण्याचे पाणी एवढे ठेवले आणि संध्याकाळी सहा ते रात्री दहा ते उघडे राहिले, तर त्याचा महिन्याचा खर्च आपल्या एका हारतुऱ्याच्या समारंभापेक्षा जास्त होणार नाही. मुलींना परत पोचवायला दोन घरांतल्या मोठ्या माणसांनी आळीपाळीने जबाबदारी घ्यावी. इतर धर्मांची वस्तीतली मुले आली तर त्यांनाही बसू द्यावे. हजेरी घेऊ नये, उपासनेला येतोस का म्हणून विचारू नये. मार्चपासून विद्यापीठाच्या परीक्षा सुरू होतात. त्याआधीच्या बैठकीत हा विषय पत्रिकेवर घ्या. किल्ली कोण ठेवणार आणि विजेचे बिल कुठल्या खात्यातून जाणार हे त्याच बैठकीत ठरवून टाका, कारण आपल्याकडे चांगली कामे बहुधा याच दोन प्रश्नांवर अडतात.